रॉडाचा नंबर आणि कांचेचा नंबर

लोखंडी नांगर प्रथम आपल्या प्रांतांत आला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी शंका घेणारे शेतकरी पुष्कळ होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली, त्या सुमारास हा नांगर लोकांच्या गळीं उतरविण्यांत त्यांचे बरेच श्रम खर्चीं पडले. आज त्या शंकेचें हंसूं येतें. नांगर, कुळव, पेरणीयंत्र, ट्रॉली, गोठ्याचे खांब, विहिरीवरचा पाळणा, फार काय शेताचें फाटकसुद्धां आतां लोखंडाचें आहे. आणि सुताराच्या नेटावर जी शेती चालत होती ती आज वेल्डिंगवाल्या मिस्त्रीच्या हातावर चालते. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या शेडमध्यें स्वतःचें वेल्डिंगचें यंत्र आहे व ते स्वतः किंवा त्यांचीं मुलें लहानसहान सांधे घरींच मारतात. स्वावलंबनाच्या दृष्टीनें हें इष्टच आहे. परंतु यंत्र घेतांना त्याची ताकद, तांब्याचें वेटाळें व हप्ते यांची जितकी चौकशी आपण करतों, तिच्या शतांशानेंही मुखवट्यांतल्या काळ्या कांचेची करीत नाहीं. या अनास्थेविषयींच आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि त्यांचा आरंभ आमच्याच चुकीपासून करणें प्रामाणिकपणाचें होईल.

गेल्या गळिताच्या हंगामांत भर तोडणींत आमच्या ट्रॉलीची दांडी सांध्यांतून सुटली. ऊंस तुटून पडलेला, टोळी खोळंबलेली. तेव्हां जवळच्या मिस्त्रीस वस्तीवरच बोलाविलें. त्यानें हातांत धरावयाची ढाल आणली होती. तींतील कांच ठिणग्यांनीं खडबडीत झालेली व अतिशय काळी होती. आमच्या सालगड्याच्या थोरल्या मुलानें अँगल धरून ठेविला. "तिकडे बघूं नको," एवढाच उपदेश त्यास झाला. पण जो तुकडा हातांत धरून जाग्यावर ठेवावयाचा त्याकडे न पाहतां तो धरावयाचा कसा, हा विचार कोणीच केला नाहीं. आम्ही बाजेवर बसून हें पाहत होतों. काम सायंकाळीं चारच्या सुमारास संपलें. रात्रीं अकरा वाजतां तो मुलगा डोळ्यांत वाळू भरल्यासारखी खुपते म्हणून ओरडत उठला. डोळे उघडवेनात, पाणी थांबेना, दिव्याचा उजेड साहवेना. मध्यरात्रीं तालुक्याच्या गांवीं डॉक्टर उठवावा लागला. दोन दिवस तो अंधाऱ्या खोलींत पडून होता. इकडे दांडीचा सांधाही तिसऱ्या खेपेस पुन्हां उकलला. पाहतों तों जोड एकीकडे व वितळलेलें लोखंड बोटभर दुसरीकडे.

पुढें मिस्त्री भेटले तेव्हां आम्हीं त्यांस विचारलें, "ढाल हातांत असतांना तुम्ही ती सारखी बाजूला कां करीत होतां?" ते म्हणाले, "मालक, या कांचेतून आर्क लागल्यावरसुद्धां रस कुठं चालला तें दिसत नाहीं. मग वरून डोकावून बघावं लागतं." या एका उत्तरांत सर्व दोषाचें मूळ आहे, असें आमचें मत झालें आहे. खेड्यापाड्यांत डोळे भाजतात ते कांच नसते म्हणूनच भाजतात असें नाहीं. पुष्कळदां कांच असते, पण ती कामास जुळत नाहीं म्हणून माणूस ती दूर सारतो. जी कांच डोळ्यांस सुखाची तीच डोळ्यांपुढें टिकते. म्हणून कांचेच्या बाबतींत सोय हा चैनीचा प्रश्न नव्हे, संरक्षणाचाच प्रश्न आहे.

आतां या प्रकाशाचें स्वरूप थोडक्यांत पाहूं. वेल्डिंगच्या आर्कमधून तीन प्रकारचे किरण निघतात. डोळ्यांस दिसणारा झगझगीत प्रकाश हा त्यांतील एक. त्यानें डोळे दिपतात, आणि तो उघड्या डोळ्यांनीं टक लावून पाहिल्यास पडद्याच्या मध्यभागीं कायमची इजा होऊं शकते. दुसरे अतिनील किरण. हे दिसत नाहींत, ऊबही देत नाहींत, परंतु डोळ्याचा दर्शनी पारदर्शक भाग उन्हानें कातडी भाजावी तसा भाजतात, आणि त्याची वेदना सहा ते बारा तासांनीं सुरू होते. दुपारच्या कामाची शिक्षा रात्रीं भोगावी लागते ती याचमुळें, व कार्यकारणाचा संबंध न कळल्यानें कित्येक लोक "डोळे आले" असें समजून चालतात. तिसरे उष्णतेचे, म्हणजे अवरक्त किरण. यांची झीज वर्षानुवर्षांची असते. भट्टीपुढें काम करणाऱ्या कांच-कारागिरांस मोतीबिंदू लवकर होतो असें पूर्वींच दिसून आलें होतें, व त्यावर उपाय म्हणून सर विल्यम क्रूक्स या शास्त्रज्ञानें नाना द्रव्यें मिसळून कांचा तयार केल्या व १९१४ सालीं ते प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थात् ही चिंता आजची नव्हे.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. कांचेविषयीं विचारावयाचे प्रश्न दोन आहेत व ते निरनिराळे आहेत. पहिला, ती खरी वेल्डिंगची कांच आहे काय? दुसरा, तिचा नंबर कामास योग्य आहे काय? प्रमाणित कांच, मग ती ९ नंबरची असो वा १२ नंबरची, न दिसणारे दोन्ही प्रकारचे किरण जवळजवळ सर्व अडविते. नंबर सांगतो तो मुख्यतः दिसणाऱ्या प्रकाशाचा हिशेब. उलट नुसती काळी केलेली कांच, उन्हाचा चष्मा किंवा क्ष-किरणांच्या छायाचित्राची फिल्म यांतून प्रकाश मंद दिसतो, डोळ्यास बरें वाटतें, आणि अदृश्य किरण किती आंत आले हें रात्रीं कळतें. डोळ्यास बरें वाटणें ही खऱ्या कांचेची परीक्षा नव्हे, हें पक्कें लक्षांत ठेवावें. कांचेच्या कोपऱ्यावर नंबर व करणाऱ्याची खूण कोरलेली किंवा छापलेली असते. वेल्डिंगच्या वेळीं डोळे व चेहरा यांचें रक्षण करणाऱ्या साधनांसाठीं आय. एस. ११७९ हें भारतीय मानक १९६७ सालचें आहे. जिच्यावर नंबरच नाहीं ती कांच दुकानदारानें फुकट दिली तरी घेऊं नये.

नंबराचा हिशेब असा आहे. ८ नंबरची कांच हजार भागांतून प्रकाशाचा एक भाग आंत येऊं देते. पुढें नंबर एकानें वाढला कीं आंत येणारा प्रकाश पूर्वींच्या सुमारें ३७ टक्के उरतो. म्हणजे १० नंबरच्या कांचेंतून सुमारें सात हजारांत एक भाग, ११ मधून एकोणीस हजारांत एक व १२ मधून बावन्न हजारांत एक भाग येतो. "दहा काय नि बारा काय, दोनाचाच फरक" असें जें दुकानांत ऐकूं येतें तें त्यामुळें सर्वस्वी चुकीचें आहे. १२ ची कांच १० च्या मानानें सातपट काळी असते. आणि गॅसनें लोखंड कापतांना वापरावयाचा जो ५ नंबरचा हिरवा चष्मा, तो बावन्नांत एक भाग प्रकाश सोडतो. तो लावून आर्कचें काम करणें म्हणजे १० नंबरच्या कांचेच्या मानानें सुमारें १४० पट प्रकाश डोळ्यांत घेणें होय. हा प्रकार आम्हीं आमच्याच तालुक्यांत दोन ठिकाणीं डोळ्यांनीं पाहिला आहे.

आतां नंबरांच्या घोटाळ्याकडे वळूं. आमच्या मतें हाच सर्वांत घातक घोटाळा आहे. आपल्या बाजारांत रॉडालाही नंबर असतो व कांचेलाही असतो, परंतु त्यांच्या दिशा एकमेकींच्या उलट आहेत. रॉडाचा नंबर जसा वाढतो तसा रॉड बारीक होतो. कांचेचा नंबर जसा वाढतो तशी कांच अधिक काळी होते. १२ नंबरचा रॉड सुमारें अडीच मिलिमीटर जाडीचा, १० नंबरचा सव्वातीन मिलिमीटरच्या आंतबाहेर व ८ नंबरचा चार मिलिमीटरचा. रॉड जितका जाड तितके अँपिअर अधिक, आणि अँपिअर अधिक तितका प्रकाश प्रखर. म्हणून रॉडाच्या नंबराला त्याच नंबरची कांच लावणारा मनुष्य दोन्हीकडून फसतो. १२ च्या बारीक रॉडावर १२ ची कांच लावली तर अंधारांत चांचपडावें लागतें. आणि ८ च्या जाड रॉडावर ८ ची कांच लावली तर डोळे दिपतात. केवळ १० नंबरापाशीं दोघांची गांठ पडते, आणि ती योगायोगानें!

आमच्या वाचकांनीं पुढील प्रमाण कागदावर उतरून शेडच्या भिंतीस लावावें. पत्रा, पातळ पाईप, फवाऱ्याचा सांगाडा अशा कामास १२ नंबरचा रॉड व साधारण ६० ते ९० अँपिअर लागतात. त्यास ९ किंवा १० नंबरची कांच पुरे. फाटक, अँगल, कुळवाचे फण यांस १० नंबरचा रॉड व ९० ते १३० अँपिअर. त्यास १० किंवा ११. ट्रॉलीची दांडी, नांगराचें जाड लोखंड यांस ८ नंबरचा रॉड व १४० ते १८० अँपिअर. त्यास ११ किंवा १२. गॅसनें एक इंचाच्या आंतील लोखंड कापण्यास ३ किंवा ४ नंबर, व पातळ पत्रा गॅसनें सांधण्यास ४ किंवा ५ नंबर पुरेसा आहे. तेथें १० ची कांच लावल्यास ज्योतच दिसणार नाहीं.

हें प्रमाण झालें; परंतु डोळा प्रत्येकाचा निराळा, म्हणून शेवटची निवड ज्यानें त्यानें करावयाची आहे. तिची रीत सोपी आहे. प्रथम जरा अधिक काळी कांच लावावी व तीमधून एक रॉड जाळून पाहावा. वितळलेल्या रसाचे दोन्ही कांठ व पुढची जोडाची रेघ स्पष्ट दिसत नसेल तर एक नंबर खालीं यावें. दिसूं लागतांच थांबावें. अधिक उजळ कांच मिळते म्हणून आणखी खालीं जाऊं नये. आणि वरील तीन रॉडांपैकीं कोणताही असला तरी ८ च्या खालीं तर कधींच उतरूं नये. रॉड संपल्यावर डोळे मिटले असतां काळा वा हिरवा डाग बराच वेळ नाचत राहिला, किंवा काम संपवितांना कपाळ जड झालें, तर कांच उजळ आहे असें समजावें. मान पुढें काढून तोंड जोडाजवळ न्यावें लागलें, किंवा रॉड जोड सोडून भटकूं लागला, तर ती फार काळी आहे असें समजावें.

मात्र "दिसत नाहीं" या तक्रारीचीं कारणें कांचेबाहेरचींही असूं शकतात. आमच्या प्रांतांत निम्मीं वेल्डिंगें भर उन्हांत अंगणांत होतात. उन्हांतून एकदम काळ्या कांचेमागें गेलेल्या डोळ्यास सरावावयास वेळ लागतो. शिवाय पाठीवरचें ऊन मुखवट्यांत शिरून कांचेच्या आंतल्या बाजूवर चमकतें व चांगली कांचही अंधुक वाटते. अशा वेळीं नंबर न उतरवितां काम सावलींत न्यावें, किंवा पाठ भिंतीकडे करून उभें राहावें. काळ्या कांचेपुढें एक साधी पांढरी कांच असते, ती ठिणग्या झेलण्यासाठीं. ती खडबडीत झाली कीं बदलावी. आणि तिसरें कारण वयाचें. चाळिशी ओलांडलेला मिस्त्री जवळचें नीट दिसत नाहीं म्हणून उजळ कांच मागतो; त्यास हवी असते ती उजळ कांच नव्हे, चाळिशी! चष्म्यावरून मुखवटा चढवितां येतो, आणि मुखवट्यांत बसणारें भिंगही बाजारांत मिळतें. जेथें भिंगानें काम होतें तेथें डोळे उघडे टाकणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं अशांतला प्रकार आहे.

एवढें करूनही एक अडचण उरते. आर्क लागण्यापूर्वीं कोणत्याही खऱ्या कांचेंतून कांहींएक दिसत नाहीं. मग रॉड नेमका टेकवावयाचा कसा? डोक्यावर चढवावयाचा मुखवटा असल्यास रॉडाचें टोंक जोडाजवळ स्थिर धरून मान झटक्यानें खालीं करावी व मगच आर्क लावावा. सरावानें हें चार दिवसांत साधतें व दोन्ही हात मोकळे राहतात. हातांतली ढाल आम्हांस म्हणूनच पसंत नाहीं. दुसरा उपाय आपोआप काळी होणाऱ्या कांचेचा. अशी कांच स्वीडन देशांत १९८१ सालापासून विक्रीस आली व आतां आपल्या जिल्ह्याच्या गांवीं सहज मिळते. ती एरवीं ३ किंवा ४ नंबरची असते, आणि आर्क लागतांच सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाहूनही कमी वेळांत ९ ते १३ पैकीं आपण लावलेल्या नंबरवर जाते. चांगल्या प्रतीच्या कांचेंत अदृश्य किरण अडविणारा थर कायमचा असतो, त्यामुळें ती क्षणभर उशिरां काळी झाली तरी डोळे दिपतात, भाजत नाहींत. अधूनमधून वेल्डिंग करणाऱ्या शेतकऱ्यास ही फार उपयोगी आहे. परंतु तिचीही पथ्यें आहेत. सहा महिने अंधाऱ्या शेडमध्यें पडून राहिलेल्या मुखवट्याचा सेल उतरलेला असतो. चाचणीचें बटण असेल तर तें दाबून आधीं पाहावें. ट्रॉलीखालीं वांकून काम करतांना एखादा पाईप तिच्या प्रकाश हेरणाऱ्या डोळ्यांआड आल्यास ती मधेंच उजळते. घासकामासाठीं जी खूण असते तीवर ठेवून वेल्डिंग केल्यास ती काळी होतच नाहीं. आणि नांवगांव नसलेला स्वस्त माल घेण्यापेक्षां योग्य नंबरची साधी प्रमाणित कांच आम्ही शतपट बरी मानतों.

कोणी म्हणेल, "आमचे मिस्त्री वीस वर्षें असेंच काम करीत आहेत, त्यांना कांहीं झालें नाहीं." यावर आमचें उत्तर असें, कीं ज्यांना कांहीं झालें ते आज मिस्त्री राहिलेले नाहींत, म्हणून ते आपणांस दिसत नाहींत. दुसरा कोणी खर्चाचें कारण पुढें करील. साध्या काळ्या कांचेची किंमत रॉडाच्या एका पुडक्याहूनही कमी असते. तीन नंबरांच्या तीन कांचा एकदां घेतल्या तर वर्षानुवर्षें टिकतात. एक दिवस टोळी बसून राहिली तर काय नुकसान होतें हें उंसाच्या बागाइतदारास आम्हीं सांगावयास नको.

शेवटीं मालकाच्या कर्तव्याविषयीं. मिस्त्री आपली कांच आणील ही समजूत सोडून द्यावी. आपल्या शेडमध्यें ९, १०, ११ व १२ नंबरच्या कांचा व दोन मुखवटे ठेवावेत. एक मिस्त्रीचा व दुसरा अँगल धरणाऱ्याचा. "तिकडे बघूं नको" हें संरक्षण नव्हे. पांढऱ्या भिंतीवरून व चकचकीत पत्र्यावरून उलटणारे किरणही भाजतात, म्हणून मुलांस दूर ठेवावें व रंगविलेल्या पत्र्याचा आडोसा करावा. इतकें करूनही डोळे भाजलेच, तर बटाट्याच्या चकत्या, मध, दूध असले पदार्थ डोळ्यांत घालूं नयेत. थंड पाण्याची स्वच्छ घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावी, अंधारांत पडून राहावें व डॉक्टरास दाखवावें. बधिर करणारे थेंब मागून आणून वारंवार घालणें तर फारच वाईट. वेदना थांबते, पण जखम भरून येण्याचें काम थांबतें. साध्या भाजण्याची बाधा बहुधा एकदोन दिवसांत उतरते. ती उतरली नाहीं किंवा दृष्टि मंद झाली तर क्षणाचाही विलंब लावूं नये.

आमच्या सहकारी सोसायट्या खतें, बियाणें व औषधें एकगठ्ठा आणतात, त्यांतच नंबर व खूण असलेल्या कांचांची एक पेटी आणून सभासदांस मूळ किमतींत देतील तर त्यांना फारसे कष्ट पडणार नाहींत, आणि तालुक्याच्या बाजारांतून बिननंबरी माल आपोआप हटेल. त्या मुलाचे डोळे सुदैवानें बरे झाले. तो आज पुन्हां आमच्या ट्रॅक्टरवर बसतो. परंतु बैल गेला आणि झोपा केला अशी पाळी आमच्यावर यावयास केवळ एका खडबडीत कांचेचा अवकाश होता. आमच्या शेडमध्यें आतां भिंतीवर नंबरांचा कागद आहे, खुंटीवर दोन मुखवटे आहेत, आणि दुसरा मुखवटा धरणाऱ्याच्या तोंडावर चढल्यावांचून यंत्राचें बटण दाबूं नये असा नियम आहे. हा नियम आमच्या प्रत्येक वाचकानें आपल्या वस्तीवर आजच करावा, इतकीच आमची विनंति आहे.